एक अंगण, दोन दारं

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पाहुण्यांना शहर दाखवत फिरणाऱ्या गाड्या पुष्कळ, पण मिस डॉर्कासच्या गाडीत रेडिओ नव्हता. कार्निव्हलच्या दिवसांत या बेटावरच्या कोंबड्यासुद्धा ठेक्यात चालतात, आणि ही बाई बिनगाण्याची गाडी फिरवायची. कुणी विचारलं तर सांगायची, गाडी जुनी आहे, तारा जळल्यात. ते खोटं होतं. रेडिओ तिनं स्वतःच्या हातानं उपटून काढला होता, कारण त्यावर कधी कुठलं गाणं लागेल याचा नेम नव्हता आणि एक गाणं तिला चालत्या गाडीत ऐकायचं नव्हतं.

तिचं पूर्ण नाव युफीमिया डॉर्कास लव्हेल. पहिलं नाव तिनं बाविसाव्या वर्षीच टाकून दिलं, कारण ते तिचं राहिलंच नव्हतं. शाळेत जाणाऱ्या पोरांपासून चौकातल्या पोलिसापर्यंत सगळ्यांचं झालं होतं.

ते साल होतं चौऱ्याहत्तर. तेव्हा ती बेलमाँटमधल्या एका बेकरीत काउंटरवर उभी राहायची. बंदरावर काम करणाऱ्या ऑल्स्टनशी तिचं लग्न ठरलं होतं, ईस्टरनंतरची तारीख निघाली होती. शेजारच्या घरात थिओफिलस ब्रेथवेट हा कॅलिप्सो गाणारा गवई राहायचा. तंबूत गाताना त्याचं नाव लॉर्ड बॅरोमीटर. हवा कुठून कुठे चालली आहे ते मला सगळ्यांच्या आधी कळतं, अशी त्याची बढाई. तंबू म्हणायचं ते जुन्या सवयीनं, खरं तर तो हॉलच. कार्निव्हलच्या आधी दीड महिना हे गवई तिथं गावातल्या माणसांवर गाणी रचून गातात आणि गाव खुर्च्या भरभरून हसतं.

थिओफिलस आणि युफीमिया यांच्या घरांच्या पाठी एकाच अंगणात उघडायच्या. मध्ये एक नळ, एक नीरफणसाचं झाड, आणि शेजारी शेजारी दोन मागची दारं. एका पहाटे बेकरीला जायच्या आधी युफीमिया नळावर पाणी भरत होती. थिओफिलस आदल्या रात्री सॅन फर्नांडोला गायला गेलेला होता. त्याच्या दारातून एक गोरा खलाशी सदऱ्याची बटणं लावत, उघड्या डोक्यानं बाहेर आला आणि भिंतीवरून उडी मारून गेला. दारात थिओफिलसची बायको इनेज उभी होती. तिनं युफीमियाला पाहिलं आणि धावत येऊन तिचे गुडघेच धरले. माझा नवरा मला जिवंत ठेवणार नाही, म्हणाली. युफीमियानं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, की इनेज जिवंत आहे तोवर हे तोंडातून निघणार नाही.

दुपारी ती घरी आली तर अंगणात माणसं जमलेली. तिच्याच पायरीवर खलाशाची पांढरी टोपी पडली होती, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं परत आलेला थिओफिलस ती काठीच्या टोकावर नाचवून दाखवत होता. चार दिवसांनी त्यानं तंबूत गाणं म्हटलं.

फीमी गं फीमी, कडी कुणी काढली?
खलाशाची टोपी तुझ्या दारात पडली.

आता कुणी म्हणेल, चेष्टाच ती, एवढं काय मनावर घ्यायचं. म्हणणाऱ्यानं आधी स्वतःच्या बहिणीवर असं गाणं होऊ द्यावं. कार्निव्हलच्या दोन दिवसांत ते गाणं रस्त्यावरच्या प्रत्येक बँडनं वाजवलं. बेकरीत माणसं पाव घ्यायला नव्हे, ते गुणगुणायला यायला लागली, तेव्हा मालकानं तिला दुसरीकडे काम बघायला सांगितलं. ऑल्स्टननं तिला काही विचारलं नाही. तो कुरासाओला तेलाच्या कारखान्यात निघून गेला आणि जाताना अंगठी तिच्या आईच्या हातात देऊन गेला. आई चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायची. ती शेवटच्या रांगेत बसू लागली, मग जायचीच बंद झाली, आणि दोन वर्षांत गेली. आणि जिच्यासाठी हे सगळं तोंड मिटून सोसलं ती इनेज रस्त्यात समोर आली की दुसऱ्या बाजूला बघायची. त्याच साली नोव्हेंबरात इनेजला मुलगा झाला.

युफीमियानं लग्न केलं नाही. मधलं नाव पुढे केलं, गाडी चालवायला शिकली आणि पाहुण्यांना शहर दाखवू लागली, कारण पाहुण्यांना बेटावरची गाणी ठाऊक नसतात. गाडी चालवता चालवता ती मनात चार चार ओळींची कवनं जुळवायची. तंबूत दोन गवई एकमेकांवर जागच्या जागी रचून गातात तशी, बँडची चाल न थांबवता. सगळी एकाच माणसावर असायची. एक तर तिनं त्रेचाळीस वर्षं घासून पुसून ठेवलं होतं आणि त्यात इनेजचं नाव होतं. थिओफिलस फसला, त्याला टोपी दिसली, त्याला खरं वाटलं आणि त्यानं गायलं, असं ती धरून चालली होती. मूर्ख आहे, नीच नाही, एवढी सूट तिनं त्याला दिली होती. पण मूर्खालाही एक दिवस कळायला हवं की तो आयुष्यभर स्वतःच्याच बायकोवर गात होता. मागच्या ऑगस्टमध्ये इनेज वारली. मिस डॉर्कास अंत्ययात्रेला जाऊन शेवटच्या बाकावर बसली. ती रडायला गेली नव्हती, पेटी खाली उतरलेली डोळ्यांनी बघायला गेली होती.

आणि कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी तिच्या गाडीत मारेन येऊन बसली.

ही मारेन डेन्मार्कची, पन्नाशीची. तिकडे आरहूस शहरातल्या एका स्टीलबँडमध्ये पॅन, म्हणजे तेलाच्या पिंपाचं ठोकून केलेलं पोलादी वाद्य, वाजवायची, आणि त्यांच्या बँडचं सगळ्यात लाडकं गाणं कोणतं, तर हेच. वीस वर्षं पैसे साठवून ती बेटावर आली होती. ती उतरली होती त्या पाहुणघराच्या मालकिणीला सगळं ठाऊक होतं आणि तिनं ही सवारी मुद्दाम मिस डॉर्कासला दिली होती. त्या मालकिणीच्या जिभेला हाड नाही हे गावाला माहीत आहे, पण इतकी कुजकी असेल असं वाटलं नव्हतं.

मारेन माणूस म्हणून वाईट नव्हती. सव्हानाच्या मैदानाकडेला शहाळं पिताना तिनं शहाळंवाल्याचं नाव विचारून घेतलं. मोठमोठ्या जुन्या हवेल्यांसमोर उभी राहून फोटो काढले. फोर्ट जॉर्जवरून खालचं शहर आणि बंदरातली जहाजं बघताना तिचे डोळे भरून आले. एका पॅनयार्डात, बँडच्या सरावाच्या अंगणात, पोरापोरींची तालीम चालली होती, शंभर पॅन एकदम सुरू झाले आणि तिनं छातीवर हात ठेवला. माझ्या पोटात वाजतंय, म्हणाली. मिस डॉर्कासला ती आवडायला लागली होती. तेवढ्यात मारेननं वही काढली. वहीत गाण्यातल्या जागांची यादी होती: कोपऱ्यावरचं दुकान, नळ, भिंत, आणि फीमीचं मागचं दार.

"ते दार अजून आहे का हो?" तिनं विचारलं.

"आहे," मिस डॉर्कास म्हणाली आणि गाडी बेलमाँटकडे वळवली. का वळवली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं ती त्या गल्लीत शिरली नव्हती.

अंगण तसंच होतं. एका घरात आता टायरवाला होता, दुसरं बंद. मारेन हरखून गेली. तिनं नळाचे फोटो काढले, भिंतीचे काढले, मग दाराशी आली आणि म्हणाली, तुम्ही जरा पायरीवर उभ्या राहा ना, म्हणजे दार केवढं आहे ते कळेल. मिस डॉर्कास स्वतःच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. मारेननं तीन फोटो काढले आणि हसायला सांगितलं.

शेजारचं दार कुणाचं, तिनं विचारलं. गवयाचं, मिस डॉर्कासनं सांगितलं. मारेन एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालून आली. तीन पावलं भरली.

"फीमी खरोखरीची बाई होती?"

"होती."

"मग पुढे तिचं काय झालं?"

"म्हातारी झाली," मिस डॉर्कास म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

त्याच दुपारी चार वाजता तंबूत लॉर्ड बॅरोमीटरचा सत्कार होता. मारेनच्या बँडनं त्याच्यासाठी मानपत्र पाठवलं होतं, तिच्याकडे दोन पास होते, आणि एवढं शहर दाखवलंत तर आता गाणंही माझ्याबरोबर ऐका, असा तिनं हट्टच धरला. मिस डॉर्कासनं फार आढेवेढे घेतले नाहीत. इनेजच्या नावाचं ते कवन जिभेवर तयार होतं, आणि सत्काराआधी प्रेक्षकांतून कुणीही उठून जुन्या गवयाला सामना द्यायचा हा रिवाज तिला ठाऊक होता. चार ओळी एकानं, चार दुसऱ्यानं, त्याच चालीत. बँड थांबत नाही. ज्याला ओळ सुचली नाही तो हरला.

मागच्या खोलीत थिओफिलस पांढऱ्या सुटात बसला होता, वय एक्क्याऐंशी, मानेला पावडर, टोपीत पीस. त्याचा मुलगा रोलंड दारात उभा होता. बेचाळीस वर्षांचा, शाळामास्तर, उजळ रंगाचा, मऊ बोलणारा. त्यानं मिस डॉर्कासला खुर्ची दिली, उन्हातून आलात तांती, असं मावशीला म्हणावं तसं म्हणत थंडगार मॉबीचा, कडसर सालीच्या सरबताचा, ग्लास हातात दिला. मारेननं मानपत्र वाचून दाखवलं. म्हाताऱ्याचं लक्ष त्यात नव्हतं. तो मिस डॉर्कासकडे बघत होता. वाचून झाल्यावर तो रोलंडला म्हणाला, बाईंना बाहेरचे जुने फोटो दाखव. दोघं गेली.

"फीमी," तो म्हणाला.

"मिस डॉर्कास म्हण."

"इनेज गेली."

"माहीत आहे. आले होते मी."

"म्हणजे तुझी शपथ सुटली."

त्या शपथेबद्दल मिस डॉर्कासनं एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. तुला शपथेचं कुणी सांगितलं, तिनं विचारलं.

"तिनंच. त्याच दिवशी." तो दाराकडे बघून हळू बोलायला लागला. "टोपी मला आधी दिसली, फीमी. पहिल्या गाडीनं आलो तर माझ्याच पायरीवर पडलेली. मी पायानं तिकडे सरकवली."

बाहेर बँडवाले वाद्यं जुळवत होते. तो बोलतच राहिला. "तूच सांग, मी काय करायचं होतं? तंबूत आम्ही अकरा गवई. एकाच्या जरी कानावर गेलं असतं, बॅरोमीटर सॅन फर्नांडोला गातोय आणि घरात खलाशी शिरलाय, तर दहा गाणी झाली असती माझ्यावर. बायको हातची गेली तरी माणूस जगतो. गवयाचं हसं झालं तर त्यानं तोंड कुठे उघडायचं? गाणं तर होणारच होतं, कुणावर तरी. तुझं दार जवळ होतं."

त्रेचाळीस वर्षं जपलेलं ते कवन एका क्षणात निकामी झालं. ज्याला ते सांगायचं त्याला ते सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. तो मूर्ख नव्हता. तिनं दिलेली एवढीशी सूटही त्यानं खाल्ली होती. तिनं भरलेला ग्लास तसाच खाली ठेवला.

"रोलंड पहिल्या रांगेत बसणार आहे," तो म्हणाला. "त्याला काही माहीत नाही. गुणी पोरगा आहे."

"माझी आईसुद्धा पहिल्या रांगेतच बसायची," मिस डॉर्कास म्हणाली आणि उठली.

पण हॉलमध्ये खुर्चीवर जाऊन बसल्यावर तिचं मन डळमळलं. दोन खुर्च्या सोडून रोलंड बसला होता, बापाच्या टोपीची पेटी मांडीवर घेऊन. काही न केलेल्या माणसाच्या डोक्यावर गाणं येऊन पडलं की काय होतं ते या बेटावर तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पडदा वर गेला. म्हाताऱ्यानं तेच गाणं धरलं, अख्खा हॉल टाळ्यांच्या ठेक्यात गाऊ लागला, आणि तिच्या शेजारी मारेन सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. तिनं ठरवलं, गाणं संपलं की निघायचं. मारेनला सांगायचं, डोकं दुखतंय, गाडीत थांबते.

गाणं संपलं. निवेदकानं विचारलं, कुणी सामना देणार आहे का? कुणीच उठलं नाही. म्हाताऱ्याला टाळ्या चढल्या होत्या. ती उठली नाही हेही त्यानं पाहिलं होतं, आणि भीती गेली की अशा माणसाची जीभ सुटते.

"कुणीच नाही?" तो माईकमध्ये म्हणाला. "बेलमाँटची फीमी असती तर आली असती, पण ती बिचारी अजून कडी लावतेय."

हॉल खदखदला. मिस डॉर्कास उठली.

पायऱ्या चढून ती वर गेली तेव्हा निवेदकानं कौतुकानं नाव विचारलं. तिनं माईक हातात घेतला. "युफीमिया डॉर्कास लव्हेल," ती म्हणाली. "बेलमाँटची."

असा गलका उठला की बँडला सुरुवात दोनदा करावी लागली. खाली मारेन तोंडावर हात ठेवून बसली होती. थिओफिलसचा चेहरा उतरला, पण चाल सुरू झाली आणि पन्नास वर्षांची सवय त्याच्या जिभेला पुढे ओढून घेऊन गेली.

आली गं आली फीमी, काठी टेकत आली,
चाळीस वर्षं झाली तरी कडी नाही लागली.
जहाज गेलं बुडून, खलाशी झाला म्हातारा,
हिच्या दारी अजून दिवा, अजून तोच पहारा!

दयामाया नाही, असं शेवटी हॉलनं एका सुरात म्हटलं. प्रत्येक कवनाच्या शेवटी ते म्हणायचंच असतं. तिच्या हातात काठी नव्हती, पण हसणाऱ्यांना त्याचं काय.

आता तिची पाळी. त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं कवन तिनं आत ठेवलं. इनेजचं नाव त्यात होतं आणि इनेजचा मुलगा समोर होता. तिनं तिथल्या तिथं, त्या चालीवर, नवीन रचलं.

एकच अंगण, दारं दोन, खेटून उभी शेजारी,
टोपी आधी सापडली कुणाच्या पायरीवरी?
कुणाच्या पायानं सरकली, कुणाच्या दारी गेली?
सांग गड्या गाऊन, तुझ्यासाठी जागा केली.

दयामाया नाही. हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला. कवन बांधेसूद होतं, सवाल सरळ होता, आणि बॅरोमीटर आता कसा उलटवतो ते बघायला सगळे पुढे सरकून बसले. सगळ्यात जास्त टाळ्या रोलंडच्या होत्या. त्यानं हात वर करून बापाला ओरडून सांगितलं, "बाबा, द्या उत्तर!"

बँडनं फेरी सुरू केली. थिओफिलसनं तोंड उघडलं. तुझ्याच पायरीवर, असं गायलं तर समोर ती माईक घेऊन उभी होती आणि तिची पुढची पाळी होती. माझ्या पायरीवर, असं गायलं तर समोर मुलगा होता. फेरी संपली. बँडमास्तरनं त्याच्याकडे बघून मान हलवली आणि दुसरी फेरी घेतली. म्हाताऱ्याचे ओठ हलले. ज्या माणसाला या बेटावर कधी कुणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दुसरीही फेरी संपली.

मग हसू थांबलं आणि त्याच्या जागी कणव आली. मागून कुणीतरी बाई म्हणाली, वय झालं गं बिचाऱ्याचं. दुसरी म्हणाली, विसरला वाटतं. लोक हळूहळू टाळ्या वाजवायला लागले, आजाऱ्याला धीर देतात तशा. त्या टाळ्या त्याला कशा लागत होत्या ते मिस डॉर्कासला चार हातांवरून दिसत होतं. रोलंड पाण्याचा ग्लास घेऊन वर आला, त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारा मुलाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं.

आता बरं वाटेल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. बरं वाटलं नाही. उलट आणखी हवं, अशी भूक लागली. निवेदक पुढे झाला, पुरे आता, म्हणत त्यानं बँडला हात केला.

"थांबवू नका," युफीमिया बँडमास्तरला म्हणाली. "त्याची पाळी आहे. आणखी एक फेरी घ्या."